पहिल्या पाण्याचा मान

मी एक जुनी लाकडी बादली आहे. बादली म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ती निळी, प्लास्टिकची, कडी तुटलेली अशी कोणीतरी उभी राहिली असेल. मित्रांनो, कृपा करून तसलं काही मनात आणू नका, मला राग येतो. मी ठेंगणी आहे, गोल आहे आणि मला कडीच नाही. माझ्या लाकडाला मंद सुगंध आहे आणि कमरेला तांब्याचे दोन पट्टे आहेत. माझं माहेर जपानात. तिकडे अशा बादलीला म्हणतात 'ओके'.

हसू नका, खरंच ओके म्हणतात. म्हणून तर अमेरिकेत आले तेव्हा मी हुरळून गेले होते. जो तो दर वाक्याला माझं नाव घेतोय! मला वाटलं, बाई गं, केवढी ही माझी कीर्ती! पुढे कळलं की या लोकांना नुसतं 'बरं बरं' म्हणायचं असतं. पण या नावानं एका दिवाळीत जो घोटाळा केला, तो सांगण्यासाठीच आज मी तोंड उघडलं आहे. आता मराठी कुठून शिकलीस असं विचाराल, तर ती कांचनआजींकडून. त्या पुढे येतीलच. त्यांच्या सहवासात दगडाला वाचा फुटेल, मी तर लाकडाची आहे.

एका डोंगराळ गावात एका म्हाताऱ्या कारागिरानं मला घडवलं. त्यानं लाकूड कित्येक हिवाळे वाऱ्यावर सुकू दिलं, मग त्याच्या पट्ट्या तासल्या. पट्टीला पट्टी अशी भिडवली की पाण्यालाही बाहेर पडायला वाट सापडू नये. मग तांब्याचे पट्टे ठोकून बसवले आणि माझ्या पोटावर थाप मारून तो म्हणाला, "जा, लोकांना न्हाऊ घाल." एवढाच आशीर्वाद मिळाला. मला तो आयुष्यभर पुरला.

हारुकोबाई या आमच्या न्हाणीघराच्या मालकीण, त्यांनी मला बोटीतून इथे आणलं. इथे म्हणजे टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात. एका बाजूला गाड्यांचे टायर बदलायचं दुकान, दुसऱ्या बाजूला टाको, म्हणजे मेक्सिकन भरलेल्या पोळ्या विकणारा, आणि मधे आमचं न्हाणीघर. बाहेरून बघाल तर नाक मुरडाल. पण आत या! चपला काढून पडदा बाजूला केला की दगडाचा मोठा हौद, काठोकाठ भरलेला, आणि त्यावर वाफ. बाहेर उन्हानं डांबर वितळतंय आणि आत ही बायामाणसं आपणहून कढत पाण्यात बसायला येतात! पहिले काही महिने मी तोंडात बोट घालायचंच काय ते बाकी होतं. बोटं नाहीत म्हणून राहिलं.

आमच्या न्हाणीघराची एक रीत आहे. हौद अंग धुवायला नाही. आधी ठेंगण्या पाटावर बसायचं, माझ्यात गरम पाणी घ्यायचं, साबण लावून खसखसून अंग आणि केस धुवायचे. पुरतं स्वच्छ झालं की मगच हौदात उतरायचं. हौदाचं पाणी सगळ्यांचं असतं, ते एकट्यानं मळवायचं नाही. बायकांच्या बाजूला हारुकोबाई प्रत्येकीला एक बिनबाह्यांचा सुती झगा देतात, कारण इकडच्या बायका लाजतात. झगा कोराच असतो, सगळ्यांना सारखा. डॉक्टरीणबाई कोण आणि हॉटेलात भांडी घासणारी कोण, हे मला आजवर कधी ओळखता आलेलं नाही.

आणि मित्रांनो, माणूस त्या पाण्यात उतरतो तो क्षण! इतकी वर्षं बघतेय, तरी मी अजून थक्क होते. बाहेर फोनवर कोणाच्या तरी नावानं ओरडत आलेली बाई गुडघाभर पाण्यात गप्प होते, कमरेपर्यंत गेली की डोळे मिटते, आणि गळ्यापर्यंत पाणी आलं की तिच्या तोंडून 'हुश्श' निघतं. इथे तऱ्हेतऱ्हेच्या भाषा बोलणाऱ्या बायका येतात, पण हुश्श सगळ्यांचं एकच. हे साधं पाणी असं काय करतं, ते मला अजून कळलेलं नाही.

मध्यंतरी माझे वाईट दिवस आले. कोणीतरी हारुकोबाईंच्या डोक्यात भरवलं की प्लास्टिकच्या बादल्या हलक्या आणि टिकाऊ. झालं, माझी रवानगी पुढच्या खोलीत, शोभेच्या फळीवर. येणारे जाणारे म्हणत, "किती सुंदर!" आणि पुढे जात. अशा कौतुकानं कोणाचं पोट भरलंय? मी सुकले, मला फटी पडू लागल्या. शेवटी एक दिवस डोलोरेसबाई कडाडल्या. त्या आमच्या रोजच्या गिऱ्हाईक, जन्मभर शहराची बस चालवलेल्या. "ती लाकडी कुठे गेली? प्लास्टिकमधून अंगावर पाणी पडलं की मला धुवायला आणलेल्या गाडीसारखं वाटतं." हारुकोबाई हसल्या आणि मला पाण्यात भिजत घातलं. फटी मिटल्या. मी पुन्हा कामाला लागले.

आता त्या दिवाळीची गोष्ट.

शुगर लँड हे ह्यूस्टनला खेटून असलेलं उपनगर. तिथे कांचनआजी राहतात. त्या भूल देणाऱ्या डॉक्टर, पुण्याहून तरुणपणीच इकडे आलेल्या, आता निवृत्त. जन्मभर लोकांना झोपवलं, त्याचा वचपा म्हणून आता कोणाला स्वस्थ बसू देत नाहीत, असं त्यांची नात उर्वी म्हणते. उर्वी तेवीस वर्षांची. ही पोर म्हणे पाण्यातच वाढली. शाळेच्या पोहण्याच्या संघात सगळ्यांत पुढे. पण चौदाव्या वर्षी तिच्या कोपरावर एक पांढरा डाग उमटला. मग दुसरा, तिसरा. कोड! कोड म्हणजे काय, तर कातडीचा रंग ठिकठिकाणी निघून जातो. ते दुखत नाही, खुपत नाही आणि एकाचं दुसऱ्याला होत नाही. पण उर्वीनं पोहणं सोडलं. टेक्सासच्या भर उन्हाळ्यात ती मनगटापर्यंत बाह्या घालून हिंडायची. इतक्या वर्षांत ती तळ्यात नाही, समुद्रात नाही, साध्या हौदातसुद्धा उतरली नव्हती. आणि कांचनआजींनी मनाशी पण केला होता की या पोरीला पुन्हा पाण्यात बघायचंच.

म्हणून नरक चतुर्दशीच्या पहाटे आजींनी घरी जाहीर केलं, "शॉवरखाली उभं राहून कसलं आलंय अभ्यंगस्नान! माझे गुडघे धरलेत, मला हौदात बसायचंय. फ्रीवेवर मला ड्राइव्ह करवत नाही, उर्वी, तू चल." आणि पहाटेच सर्वांगाला तिळाचं तेल चोपडून, वर उटणं लावून त्या तयार! गाडीच्या सीटवर जुनी चादर, चादरीवर आजी आणि आजींवर पावशेर तेल, अशी ही वरात आमच्या दारात आली. वरून मोठा गाऊन असल्यामुळे हारुकोबाईंच्या काही लक्षात आलं नाही. आजींनी आत जाऊन झगा घातला, कानातलं ऐकायचं यंत्र भिजू नये म्हणून काढून पिशवीत ठेवलं, आणि सगळी गडबड तिथेच झाली.

ओल्या फरशीवर आजी घसरतील म्हणून उर्वी त्यांचा दंड धरून आत आली. अंगात काळा, लांब बाह्यांचा शर्ट.

"आजी, आय ॲम नॉट गोइंग इन. तुला बसवते आणि मी लॉबीत वेट करते."

"काय म्हणालीस? मोठ्यानं बोल."

"काही नाही! अगं, सूर्य उगवून किती वेळ झाला. सनराइजच्या आधी आंघोळ केली नाही तर नरकात जातात ना?"

"जाऊ दे गं. नरकात काय ह्यूस्टनपेक्षा जास्त उकडणार आहे?"

हौदात डोलोरेसबाई एकट्याच बसल्या होत्या. आजी थेट हौदाकडे निघाल्या. तेलानं नुसत्या चकाकत होत्या! हारुकोबाईंनी ते पाहिलं मात्र, त्यांचं इंग्रजी पार पळालं. घाबरल्यावर माणसाला मायबोलीच आठवते. त्यांनी मला उचललं, दोन्ही हातांनी उंच धरलं आणि त्या ओरडल्या, "ओके! ओके!" म्हणजे बादली, आधी बादली!

कांचनआजींचा चेहरा फुलला. "बघ, किती अगत्याची बाई आहे! ओके म्हणतेय." आणि कठड्याला धरून, सावकाश, एकेक पायरी उतरत आजी गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या. "हुश्श!"

मी हवेतच होते. वरून मला सगळं स्वच्छ दिसलं. आजींच्या भोवती तेलाचा सोनेरी तवंग पसरत पसरत हौदाच्या चारी काठांना जाऊन लागला, आणि त्यावर उटण्याचे कण तरंगू लागले. डोलोरेसबाईंनी एक कण बोटावर घेऊन हुंगला.

"वास छान आहे," त्या म्हणाल्या. "पण हे आहे काय?"

हारुकोबाई पाटावर मटकन बसल्या. या न्हाणीघरात असं कधी घडलं नव्हतं. उर्वी लाजेनं लालबुंद झाली. हारुकोबाई मला कवटाळून "ओके, ओके" पुटपुटत होत्या, ते ऐकून तिच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला.

"आजी, बाहेर ये! ओके म्हणजे बकेट! त्या तुला बकेट दाखवत होत्या! ओ माय गॉड. आय ॲम सो सॉरी, मॅम, सो सॉरी. आजी, चल, आपण घरी जाऊ. आत्ताच्या आत्ता."

आजींना हातवाऱ्यांवरून आणि तवंगावरून सगळं उमगलं. त्या बाहेर आल्या आणि खरंच ओशाळल्या. त्यांना ओशाळलेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं. हारुकोबाई हळूच म्हणाल्या, "पाणी सोडून द्यावं लागेल. सगळा हौद घासावा लागेल."

"आजी, लेट्स गो, प्लीज."

"घाण करून पळून जायचं? हे कोणी शिकवलं तुला? तेल आपलं, दिवाळी आपली, घासणार पण आपणच." आणि आजींनी कोपऱ्यातला ब्रश उचलला. पाणी वाहून जाऊन हौद रिकामा झाल्यावर त्या खाली उतरल्या आणि चक्क गुडघ्यांवर बसल्या. गुडघे असे वाजले की मलाही ऐकू आले.

"आजी! तुझे गुडघे!"

आता मात्र उर्वीला राहवेना. पँट दुमडून तीही रिकाम्या हौदात उतरली आणि आजींच्या हातातला ब्रश तिनं ओढून घेतला. डोलोरेसबाईंनी दुसरा घेतला. हारुकोबाई माझ्यात साबणाचं कढत पाणी भरभरून ओतू लागल्या. उर्वी घासत होती, पण तिच्या बाह्या साबणात लोळत होत्या. ती त्या वर सरकवायची, आणि दुसऱ्याच क्षणी दचकून खाली ओढायची. घासायचं, की बाह्या सांभाळायच्या? तेलकट पाणी पार खांद्यापर्यंत चढलं. हारुकोबाईंनी एक कोरा झगा आणून तिच्यापुढे धरला.

बिनबाह्यांचा झगा. उर्वी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं आजींकडे पाहिलं. मला वाटलं, आता आजी भाषण देणार! पण आजी जमिनीकडे बघत बसल्या. उर्वी झगा घेऊन बाहेर गेली. बराच वेळ ती आली नाही. डोलोरेसबाईंचा ब्रश चालू होता, आजींचे डोळे पडद्याला लागले होते, आणि मी मनात म्हटलं, गेली ही पोरगी, गाडी काढून गेली.

पडदा हलला. उर्वी आत आली. दोन्ही हात छातीशी घट्ट धरलेले, मान खाली.

मित्रांनो, तिचे हात पाहून मी काय झाले सांगू? मी थक्क झाले. सावळ्या कातडीवर कोपरापासून मनगटापर्यंत पांढरे आकार, कडा वळणावळणाच्या. माझ्याही अंगावर गडद आणि फिकट रेषा आहेत. लाकडातच असतात त्या. त्यावरून हात फिरवून लोक म्हणतात, "काय सुंदर!" मग हेच माणसाच्या अंगावर आलं तर त्यानं तोंड का लपवायचं? मला हे कोणी समजावून सांगेल का?

डोलोरेसबाईंनी वर पाहिलं. नीट पाहिलं, चोरून नाही.

"दुखतं का ते?"

"नो," उर्वी म्हणाली.

"मग तो कोपरा घे. तिथे अजून चिकट आहे."

उर्वी खुदकन हसली. हात छातीवरून सुटले. तिनं ब्रश उचलला आणि असा कोपरा घासला म्हणता! पुढे सगळ्यांचं लक्ष त्या तेलाकडे. ते हलकट तेल निघता निघत नव्हतं. मी भरत होते, रिकामी होत होते, पुन्हा भरत होते, आणि कोणाला कोणाच्या हातांकडे बघायला सवडच नव्हती.

हौद लखलखीत झाला. मग आजींना पाटावर बसवून उर्वीनं त्यांचं अंग आणि केस धुतले, पुन्हा पुन्हा धुतले, हारुकोबाई बोट फिरवून 'पास' म्हणेपर्यंत, आणि मग स्वतःही अंग धुतलं. तिकडे तोटी सोडलेली होती. कोऱ्या दगडावर नवं पाणी चढत होतं, वाफ उठत होती. आम्ही सगळ्या काठावर बसून ते बघत होतो. भरणारा हौद मी हजारदा पाहिला असेल, तरी त्या दिवशी माझी नजर हलेना.

आजींनी कान कोरडे करून यंत्र पुन्हा घातलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "उर्वी, पहिला लांब बाह्यांचा शर्ट तुला मीच आणून दिला होता. डॉक्टर असून. लोक काय म्हणतील याची मला भीती वाटली. मला तुझी लाज नव्हती गं, कधीच नव्हती."

"आय नो, आजी."

"नाही, तुला माहीत नव्हतं. म्हणून सांगतेय."

उर्वी आजींजवळ सरकली. तिनं ओला हात आजींच्या हातावर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

हौद भरला. हारुकोबाई उठल्या आणि त्यांनी आपली रीत सांगितली. त्यांच्या देशात, कोणीही न शिवलेल्या नव्या पाण्यात पहिल्यांदा उतरायचा मान मोठा असतो. तो घरातल्या थोरांना देतात, नाहीतर पाहुण्यांना. बोलता बोलता त्यांनी वाकून उर्वीकडे हात केला.

"काय म्हणाली?" आजींनी विचारलं. यंत्र घालूनही त्यांना खात्री करून घ्यायची होती.

"फर्स्ट बाथ," उर्वी म्हणाली. "पहिली आंघोळ."

"अगं बाई!" आजी ओरडल्याच. "आज दिवाळीची पहिली आंघोळच आहे की! यांना कोणी सांगितलं?" त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मला उचललं, नव्या पाण्याच्या तोटीखाली भरलं आणि आधी उर्वीच्या उजव्या खांद्यावर ओतलं, मग डाव्या. पाणी तिच्या दंडांवरून, त्या पांढऱ्या आकारांवरून ओघळत गेलं. ती शहारली. माझ्या बुडात उरलेलं थोडं पाणीही आजींनी तिच्या पाठीवर घातलं.

उर्वी पहिली पायरी उतरली आणि थांबली. डोलोरेसबाई काठावर, पायऱ्यांच्या अगदी तोंडाशी पाय सोडून बसल्या होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसत्या बाजूला सरकल्या.

उर्वी उतरली. पाणी कमरेला लागलं, खांद्याला लागलं, गळ्याशी आलं. मला वाटलं, आता हुश्श येणार. पण तिनं एक मोठा श्वास घेतला आणि डोकं पाण्याखाली घातलं. अगं अगं अगं! आमच्या हौदात डोकं बुडवायची सक्त मनाई आहे, हा तर हारुकोबाईंचा लाडका नियम. त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. मग भिंतीकडे तोंड करून त्या आधीच नीट असलेले टॉवेल नीट लावू लागल्या.

उर्वी वर येईना. पाण्याखाली तिचे केस पसरले होते, हात दोन्ही बाजूंना मोकळे झाले होते, आणि नव्या स्वच्छ पाण्यात ते हात स्पष्ट दिसत होते. आजी कठडा धरून वाकल्या. "उर्वी? उर्वी!"

ती वर आली. तोंडावरून पाणी निथळत होतं, आणि त्यात रडणं किती होतं ते मला सांगता येणार नाही.

"आजी," ती म्हणाली, "पाण्याखाली सगळं अजून तसंच आहे गं, मी पोहायचे तेव्हासारखं."

मित्रांनो, मला वापरून झाल्यावर स्वच्छ धुवा, पालथी घालून सावलीत ठेवा, म्हणजे मी तुमच्या नातवंडांनाही न्हाऊ घालीन. लाकडाची निगा एवढ्यात भागते. पण तुमच्या आसपास पाण्याच्या काठाशी थबकलेलं कोणी दिसलं, तर त्याचीही निगा तुम्हीच घ्यायची आहे. विचारायचंच असेल तर दुखतं का एवढं विचारा. नाही म्हणाला, तर सरकून त्याला जागा द्या.